मदत हवी आहे: ब्रिटिश डेम बाईंना ईमेलमध्ये काय म्हणायचं?

मंडळी, इंग्लिशमधल्या सर, डेम, मिझ वगैरे प्रकाराबद्दल जाणकारांची मदत हवीये. ब्रिटनमधल्या एका सर्जन बाईंना ईमेल करायचाय, त्या प्रोफेसर आहेत आणि डेमही आहेत (डेम म्हणजे पुरुषांच्या सर किताबासारखा बायकांचा किताब), आता सुरुवातीला नेमकं काय लिहू? मला एवढं पक्कं माहितीये की सर आणि डेम पहिल्या नावाला लागतात, म्हणजे न्यूटनना १७०५ मध्ये नाइटहुड मिळाल्यावर ते सर आयझॅक झाले, सर न्यूटन असं म्हणणं चूकच. पण प्रोफेसर मात्र आडनावाला लागतं, मग दोन्ही असताना मायन्यात कुठलं घ्यायचं? त्यात तिकडे सर्जनला डॉक्टर न म्हणता मिस्टर, मिस किंवा मिझ (Ms, यातून लग्न झालंय की नाही ते कळत नाही) म्हणायची जुनी पद्धत आहे, आणि मिसेस तर मी लिहिणारच नाही, लग्नाचा इथे काय संबंध! नुसतं डिअर मॅडम लिहिलं तर फारच कोरडं वाटतं, शिवाय मग शेवटी युअर्स फेथफुली लिहायला लागेल, नावाने लिहिलं तर सिन्सिअरली चालतं. त्यांच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे म्हणून पहिलीच ओळ नीट जायला हवी. डिअर प्रोफेसर आणि आडनाव बरं, की डिअर डेम आणि पहिलं नाव? तिकडे राहणाऱ्यांनी किंवा असा पत्रव्यवहार केलेल्यांनी प्लीज सांगा.