आई-बाबा दुसऱ्यांदा लंडनला येतायत, या वेळी त्यांना शहर "आपलं" वाटावं म्हणून काय करू?

शाहूनगरवाला

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, पाच वर्षं झाली लंडनला आहे, वेम्बलीच्या पुढं सडबरीला राहतो. सध्या पुतण्याच्या मुंजीसाठी घरी आलोय आणि 18 मे ला परत जाताना आई-बाबांना सोबत घेऊनच चाललोय, सहा आठवडे. व्हिसा झाला, तिकिटं झाली, विचारायचंय ते वेगळंच आहे.

2022 ला ते पहिल्यांदा आले तेव्हा मी हौसेनं एका कंपनीची सात दिवसांची युरोप टूर काढून दिली होती. रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर, दिवसाला पाच-सहा तास बस, आईचे गुडघे दुसऱ्याच दिवशी सुजले आणि पॅरिसमध्ये ती बसमध्येच बसून राहिली. नंतरचे तीन आठवडे मी आणि बायको ऑफिसला, हे दोघं घरात, खिडकीतनं रस्ता बघत. शनिवार-रविवार आम्ही गाडीत बसवायचं, बिग बेन, टॉवर ब्रिज, फोटो, घरी. निघायच्या आदल्या रात्री आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुझं घर बघितलं रे, गाव काय बघायचं झालं नाही." तीन वर्षं झाली, ते वाक्य डोक्यातनं जात नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते, 34 वर्षं, सातारा डेपो. इथं त्यांचा दिवस ठरलेला असतो, सकाळी चारभिंतीच्या टेकडीवर फेरी, मग पेपर, संध्याकाळी राजवाड्यावर मित्रांबरोबर. आईला मंडईत स्वतःच्या हातानं भाजी निवडल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही. बाबांना इंग्रजी पाट्या वाचता येतात, आईला इंग्रजी बोलता येत नाही. असा त्यांचा स्वतःचा दिवस तिथं कसा लावून देऊ? त्यात जूनमध्ये माझा कराडचा मित्र आणि त्याची बायको पाच दिवस येतायत, त्यांनी आत्ताच 22 ठिकाणांची यादी पाठवलीय. आई-बाबांना त्या यादीमागं पळवायचं नाही एवढं नक्की. अनुभव असेल तर सांगा.

वाईचा_हौन्सलोत

दादा, बाबा एसटीतले आहेत ना, मग उत्तर तुमच्या दारातच आहे, बस! तुमच्या सडबरीवरनंच 18 नंबर सुटते आणि थेट युस्टनपर्यंत जाते. सुरुवातीच्या स्टॉपवर चढायचं म्हणजे वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळते, समोर पूर्ण काच. तिथं बसून जे लंडन दिसतं ते गाडीतनं कधीच दिसत नाही, कुठली वस्ती कुठं संपते, दुकानांच्या पाट्या कशा बदलत जातात, शाळा सुटल्यावर पोरं कशी दंगा करत चढतात, सगळं. पहिल्या चार दिवसांत तुम्ही त्यांच्याबरोबर दोनदा फक्त बसनं जा आणि या, उतरून काही बघायचंच नाही. तिसऱ्या खेपेला त्यांना पुढं होऊ द्या आणि तुम्ही मागं बसा.

व्यवस्था पण सोपी आहे. 2014 पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत, त्यामुळं सुट्ट्या पैशांची भानगड नाही. दोघांना दोन वेगळी ऑयस्टर कार्डं (पैसे भरून ठेवायची प्रवासाची कार्डं) घ्या, एका कार्डावर दोघं जात नाहीत. बसमध्ये फक्त चढताना कार्ड लावायचं, ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळेला. पुढचा स्टॉप कुठला ते बस स्वतः बोलून सांगते आणि पाटीवर पण दाखवते, आईंना नावं पाठ झाली की इंग्रजी बोलायची गरजच पडत नाही. 2025 च्या दरानं भाडं पावणेदोन पौंड, पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदला तेवढंच, आणि दिवसभर नुसत्या बसनं कितीही फिरलात तरी सव्वापाच पौंडाच्या वर कापत नाही. हे बाबांना नीट सांगा, नाहीतर ते प्रत्येक वेळी दोनशे रुपये मोजत बसतील आणि घराबाहेर पडणार नाहीत. माझ्या वडलांचं तसंच झालं होतं. मी त्यांना कार्डात आधीच पैसे भरून दिले आणि थाप मारली की हे परत मिळत नाहीत, संपवायचेत, मग रोज जायला लागले.

गुडघ्यांसाठी एक, ट्यूबच्या जुन्या स्टेशनांत जिने लई असतात. एलिझाबेथ लाइन नावाच्या रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांत रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत जिन्याशिवाय जाता येतं, लांब जायचं असेल तर ती बघा.

कृष्णाकाठची_मावशी

मी सांगलीची, शाळेतून रिटायर झालेली, मुलीकडे लंडनला तीनदा जाऊन आले. तुमच्या आईच्या बाजूनं लिहिते, कारण खिडकीतनं रस्ता बघत बसणं मी पण केलंय.

बाळा, पहिल्या वेळी मुलीनं मला सगळं हातात दिलं. भाजी ऑनलाइन, दूध दारात, कुठं जायचं तर ती येणार मग जायचं. काळजीपोटीच करत होती, पण मला पाहुणी असल्यासारखं वाटायचं, आणि पाहुणा किती दिवस आनंदात राहील? दुसऱ्या वेळी एक दिवस घरात कोथिंबीर नव्हती. मी पर्स घेतली आणि निघाले. दोन रस्ते ओलांडायचे होते. दुकानात जुडी हातात घेतली, वास घेतला, दुसरी उचलली, तीच घेतली. काउंटरवरच्या बाई गुजराती निघाल्या, माझं हिंदी त्यांचं हिंदी, दोघींचं मोडकंच, पण दहा मिनिटं बोललो. घरी आले तर मुलगी घाबरून तीनदा फोन करून बसलेली. मी तिला म्हटलं आजपासून भाजी माझ्याकडे. त्या दिवसापासून मला ते शहर कळायला लागलं.

तुम्ही तर वेम्बलीजवळ राहता, ईलिंग रोड म्हणजे भाजीची आख्खी पेठ आहे, कारली, दोडका, गवार, मेथी, आंब्याच्या पेट्या बाहेर मांडलेल्या. त्याच रस्त्यावर सनातन मंदिर आहे, आईला थोडं बसायलाही होईल. त्यांना नेऊन "दाखवू" नका, पिशवी आणि पैसे हातात द्या आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची भाजी आणायला सांगा.

आणखी एक सांगते. मे-जूनमध्ये तिथं रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो. आपल्या बायकांचं दिवेलागणीचं गणित पार बिघडतं, मला पहिले आठ दिवस देवापुढं दिवा कधी लावायचा तेच कळेना आणि त्यानं उगाच अस्वस्थ वाटायचं. मग मी घड्याळ धरलं, सातला दिवा, आणि त्यानंतर जेवण उरकून सगळ्यांनी बाहेर. तो दोन तासांचा उजेड फार सुंदर असतो, मुलगी-जावई ऑफिसातनं आलेले असतात, गवतावर बसायचं, थर्मासमधला चहा. माझ्या तिन्ही खेपांतलं सगळ्यात आवडतं तेच, बाकी राजवाडे-बिजवाडे नंतर.

आमच्या घरी बसवण्णांना मानतात, तर थेम्सच्या काठावर, पार्लमेंटच्या पलीकडच्या तीरावर बसवेश्वरांचा पुतळा आहे, 2015 ला बसवलाय. तिथं मी हात जोडून उभी राहिले तेव्हा काय वाटलं ते लिहिता येणार नाही. माझ्या यजमानांचं असं ठिकाण म्हणजे लॉर्ड्स. विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मले आणि 1952 ला भारताचे कॅप्टन म्हणून इंग्लंडला आले होते, एवढ्यासाठी त्यांना ते मैदान बघायचं होतं. प्रत्येकाचं असं एकेक ठिकाण असतं, तुमच्या बाबांचं कुठलं ते विचारा.

पोवई_नाका

घाईत लिहितोय, दोन गोष्टी. कंदी पेढे आणि तूप बॅगेत भरू नका. भारतातनं ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि आईचा जीव तिथंच खट्टू होईल. चटण्या, मसाला, भडंग, पापड न्या. दुसरं, इन्शुरन्स काढताना बीपी-शुगर सगळं खरं लिहा. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तर बिल येतं आणि मोठं येतं.

मिरजकर_७७

वरच्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण मला थोडं वेगळं वाटतं. एकटं सोडायची घाई करू नका. माझे वडील परदेशात मुलाकडे असताना (लंडन नाही, दुसरं शहर) फिरायला गेले आणि सारखी दिसणारी घरं, सारखेच कोपरे, वाट चुकले, फोनमध्ये डेटा नव्हता, चार तासांनी सापडले. रागावले नाहीत, रडले नाहीत, पण त्यानंतर परत एकटे बाहेर पडले नाहीत ते नाहीच. तो आत्मविश्वास एकदा गेला की गेला.

शाहूनगरवाला

@मिरजकर_७७ दादा, हे बरं झालं सांगितलं, हीच भीती मला पण आहे. दोघांना तिथलं सिम पहिल्या दिवशी घेऊन देतो, आणि खिशात घराचा पत्ता, पोस्टकोड, माझा नंबर आणि "बस 18, सडबरी" असं इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. आणि एकटं एकटं नाही, दोघांनी मिळूनच जायचं.

@कृष्णाकाठची_मावशी तुमचं आईला वाचून दाखवलं. कोथिंबिरीचं ऐकून म्हणाली, "त्यांचा नंबर घे."

गेंडामाळ

बाबांचं ठिकाण कुठलं असेल याच्यावर लिहितो, कारण सातारकराला लंडन परकं नाही हो. 1839 ला इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरनं काढून काशीला धाडलं तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि एक-दोन नाही, चौदा वर्षांच्या आसपास तिथं भांडत राहिले. महाराज गेले, 1848 ला राज्य खालसा झालं, तरी हा माणूस हटला नाही. बाबा रोज चारभिंतीच्या हुतात्मा स्मारकावर जातात म्हणजे त्यांना सांगायला नकोच.

वाघनखं जुलै 2024 ला आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडनंच, आणि तिथं ती पोचली ग्रँट डफच्या घराण्याकडनं, जो साताऱ्यालाच इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी होता. त्या म्युझियमला तिकीट नाही.

पण माझं ऐकाल तर बाबांना 10, किंग हेन्रीज रोडला न्या. बाबासाहेब 1921-22 ला शिकत असताना त्या घरात राहत होते, महाराष्ट्र सरकारनं 2015 ला ते घर घेतलं. आणि बाबासाहेबांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 ला ज्या शाळेत घातलं ती आपली राजवाड्यावरची प्रतापसिंह हायस्कूल. बाबा संध्याकाळी जिथं बसतात तिथनं ती शाळा किती लांब आहे सांगा! लोकमान्यांचं घर पण आहे, 10, हाउली प्लेस, 1918-19 ला चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेले तेव्हाचं, भिंतीवर निळी पाटी आहे, आणि ते तुमच्या 18 नंबरच्या वाटेपासून जवळच पडतं.

तासगावची_लेक

मित्राच्या 22 ठिकाणांचं, त्यांना सकाळी मोकळं सोडा. तरुण आहेत, फिरतील. रात्रीचं जेवण सगळ्यांनी घरी एकत्र आणि पाचातला एकच दिवस सगळ्यांचा मिळून. आम्ही एकदा सासू-सासरे आणि मैत्रीण एकाच आठवड्यात आले तेव्हा सगळ्यांना सगळीकडे नेलं आणि शेवटी कुणाशीच धड बोलणं झालं नाही, त्याची मला अजून हळहळ वाटते. तो एक दिवस रीजंट्स पार्कला ठेवा. क्वीन मेरीज गार्डनमध्ये 12,000 च्या आसपास गुलाबाची झाडं आहेत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन बहरात असतात, आणि बसायला बाकं भरपूर.

शाहूनगरवाला

मंडळी, आज 12 जून, म्हटलं कळवावं.

पहिले दोन आठवडे आई नुसती बाबांच्या मागनं चालायची. बाबांना मात्र 18 नंबरनं पहिल्याच दिवशी धरलं. वर पुढच्या सीटवर बसले आणि दोन्ही हात समोरच्या दांडीवर, ड्रायव्हर ब्रेक कसा लावतो, स्टॉपला कडेला गाडी कशी घेतो, सगळ्यावर बारीक लक्ष. कंडक्टर नाही हे त्यांना खुपलं, "म्हाताऱ्या माणसाला हात कोण देणार" म्हणाले, मग एका स्टॉपला ड्रायव्हरनं रॅम्प बाहेर काढून व्हीलचेअरवरच्या आजींना आत घेतलं आणि सगळी बस शांतपणे थांबली, तेव्हापासून ड्रायव्हरला उतरताना थँक यू म्हणतात.

@गेंडामाळ दादा, किंग हेन्रीज रोडला गेलो. बाबा खोल्यांमधनं फिरताना एक शब्द बोलले नाहीत. बाहेर पडताना नागपूरकडचा एक पोरगा भेटला, तिथं शिकायला आलेला, त्याला बाबांनी शाळेबद्दल सांगायला सुरुवात केली, ती पायरी कुठं, राजवाडा कुठं, पंधरा मिनिटं. तो बाबांच्या पाया पडला. परत येताना बसमध्ये बाबा खिडकीकडं तोंड करून बसले होते.

मावशी, भाजी आईकडंच आहे. ईलिंग रोडच्या एका दुकानातली बाई तिच्यासाठी कोवळी गवार बाजूला काढून ठेवते. दिवा सातला.

मित्र आणि वहिनी परवा आले. काल मी सुट्टी काढायला निघालो होतो तर आईच म्हणाली, कशाला, मी नेते तिला गुलाबाला. मित्र आणि बाबा वेगळ्या वाटेनं टॉवरला गेले, 15 नंबरनं, बाबांनीच ठरवलं. दुपारी एकला आईचा फोन, म्हटलं आता काय झालं. म्हणाली, "बेकर स्ट्रीटला उतरलोय, वहिनीला पिवळे गुलाब आवडले, अजून तासभर बसतोय, तू डबा खाल्लास का?"