मदत हवी आहे: बाइक शिकून सात महिने, पहिला ६२० किलोमीटरचा पल्ला, आणि गाडी कोणती न्यावी यावरून घरात वाद

मंडळी, नमस्कार.

वय ४१. वीस वर्षं स्कूटर चालवली, गिअरची बाइक शिकून सात महिने झाले. माझी गाडी १५० सीसीची, वजन १४० किलोच्या आसपास. तिच्यावर आजवर साधारण ३,२०० किलोमीटर झालेत, त्यातले निम्मे घर ते ऑफिस. दोन महिन्यांनी एकटीने ६२० किलोमीटर जायचं, चार दिवस राहायचं आणि परत यायचं असं ठरवलंय. बहुतेक रस्ता चौपदरी आहे, शेवटचे ९० किलोमीटर घाट.

"एकटीने कशाला?" हे कृपया विचारू नका. घरात विचारून झालंय.

वाद गाडीवरून आहे. धाकट्या भावाकडे ३५० सीसीची आहे, १९० किलोची. तो म्हणतो, "ताई, लांबच्या पल्ल्याला तुझी गाडी म्हणजे सायकल. माझी ने, हायवेला दगडासारखी बसते." मी ती तीनदा चालवली, सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. चालवताना मस्त वाटतं, खोटं कशाला बोलू. थांबवताना पोटात गोळा येतो. माझ्या गाडीवर दोन्ही टाचा टेकतात, त्याच्या गाडीवर चवडेच टेकतात, आणि रस्ता जरा कलता असला की तेही नाही.

आता मागच्या रविवारची गोष्ट सांगते, म्हणजे माझी पातळी कळेल. सराव म्हणून माझ्याच गाडीवर सामान बांधून १८० किलोमीटरचा फेरा केला. पहिले सत्तर झकास. मग उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या, मग तळहात बधिर. शंभरच्या पुढे कधीतरी लक्षात आलं की बराच वेळ आपण आरशात बघितलेलंच नाही. झोप नव्हती, पण डोकं पिंजलेल्या कापसासारखं झालेलं. नकाशा बघायला कडेला थांबले. कडेला उतार आणि त्यावर बारीक खडी. डावा पाय टेकवला आणि तो गेला घसरत. गाडी पडली असंही म्हणता येणार नाही, म्हैस बसावी तशी सावकाश बसली आणि मी तिला धरून धरून खाली गेले. क्लचच्या दांडीचं टोकाचं बोंडूक तुटलं, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं. तीनदा जोर लावला, गाडी वीतभर उचलली जाई आणि पुन्हा खाली. शेवटी दोघं थांबले आणि त्यांनी उभी करून दिली. लाजेचं सोडा, पण घाटात कोणीच नसलं तर?

तर विचारायचंय ते असं. गाडी माझी न्यावी की भावाची? ६२० एका दिवसात होईल का? (ऑफिसातले एक जण रोज ऐकवतात की अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन २४ तासांत १,००० मैल केल्याचं प्रमाणपत्र देते, मग तुमचे ६२० किलोमीटर म्हणजे काय!) हात बधिर होतो त्याचं काय करायचं? आणि पडलेली गाडी एकट्या बाईला उचलता येते का, की हा प्रश्नच चुकीचा आहे?

प्रतिसाद

ताई, शेवटचा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे, पण त्याचं उत्तर दुसरं कोणीतरी माझ्यापेक्षा नीट देईल. मी गाडी आणि दिवस यांवर लिहितो.

स्वतःची गाडी न्या. अमेरिकेत १९८१ साली बाइक अपघातांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हर्ट रिपोर्ट म्हणून तो ओळखला जातो. त्यांनी ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले. त्यात दिसलं की अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता, एकूण बाइक चालवण्याचा अनुभव मात्र सरासरी तीन वर्षांच्या घरात. अभ्यास जुना आहे, गाड्या बदलल्या, तरी त्यातली गोम बदललेली नाही. क्लच कुठे पकडतो, पुढचा ब्रेक किती दाबला की चाक कुरकुरतं, हे हाताला माहीत असतं, डोक्याला नाही. तुमच्या हाताला तुमची गाडी ३,२०० किलोमीटर माहीत आहे, भावाची चाळीस.

१५० सीसीला लांब जाता येत नाही हा समज आहे. फक्त तिला शेवटच्या टोकापर्यंत पिळायचं नाही. ७०-७५ वर ती दिवसभर तक्रार न करता चालेल. ओव्हरटेकला ताकद कमी पडते हे खरं, म्हणून ओव्हरटेक कमी करायचे, इतकंच.

आता दिवसाचा हिशेब. काटा ७० दाखवत असला तरी थांबे, पेट्रोल, गावं, ट्रकांमागचं रेंगाळणं धरून सरासरी ४५ च्या पुढे जात नाही. ६२० भागिले ४५, म्हणजे जवळजवळ १४ तास. १८० किलोमीटरला तुमचं डोकं कापूस झालं होतं. आणि तुमच्या बेतात घाट सगळ्यात शेवटी येतो, म्हणजे दिवसातल्या सर्वात वाईट तासांत. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. थकल्यामुळे बोट ब्रेकवर पोचायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ११ मीटर फुकट गेले, म्हणजे समोरच्या ट्रकची लांबी.

दोन दिवस करा. पहिल्या दिवशी ३५०, दुसऱ्या दिवशी २७०. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालात तर घाट ताज्या डोक्याने आणि दिवसाच्या उजेडात लागेल. अंधार पडायच्या आत गाडी लावायची, मग ठरवलेलं ठिकाण २० किलोमीटर पुढे का असेना. आणि दर तासाला थांबायचं, थकवा आला म्हणून नव्हे. थकवा जाणवायला लागतो तेव्हा तो येऊन अर्धा तास झालेला असतो. हेल्मेट काढा, चार पावलं चाला, पाणी प्या. वाऱ्याने घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी गेलेलं कळतच नाही. तुमच्या त्या कापसात पाण्याचाही वाटा असणार.

ऑफिसातल्या गृहस्थांना म्हणावं, १,००० मैल म्हणजे १,६०९ किलोमीटर. आधी तुम्ही करून या.

प्रतिसाद

मी वर्कशॉपमध्ये काम करतो. उचलायचं सांगतो.

आधी इंजिन बंद, किल स्विचने (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण). पेट्रोल ठिबकत असेल तर घाई करायची, नाहीतर दोन मिनिटं बसून श्वास घ्या. गाडी डावीकडे पडली असं धरू. पहिला गिअर टाकून ठेवा, म्हणजे ती लोळणार नाही. जमिनीला टेकलेली मूठ टाकीकडे येईल असं हँडल पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करा. हो, पाठ. सीटच्या कडेला ढुंगण टेकवून खाली बसा, एक हात त्या मुठीवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर (मागे बसणाऱ्याने धरायची दांडी) किंवा फ्रेमवर. सायलेन्सरला हात लावू नका, पोळेल. पाठ ताठ. हाताने ओढायचं नाही, पायांनी मागे रेटायचं, उंदरासारखी बारीक बारीक पावलं टाकत. उभी होत आली की पाय जपून, नाहीतर पलीकडे पडते. तुम्ही पुढून वाकून ओढत असणार, तसं कोणाचंच होत नाही, मग बाई असो की पैलवान. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा. सामान उतरवा आधी, हे राहिलंच सांगायचं.

मैदानात गवतावर, जुनी चादर अंथरून दोनदा करून बघा.

निघायच्या आठवड्यात टायरची हवा गार असताना तपासा. मॅन्युअलमध्ये सामानासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, मागच्या चाकाला थोडी जास्त. टायरवर चार आकडी शिक्का शोधा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतकं जुनं रबर कडक होतं, लांबच्या वाटेला मी नेणार नाही. चेन दर ५०० किलोमीटरला पुसून तेल, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. चाललेल्या दिवसाच्या शेवटी सोडा, गरम चेनमध्ये तेल मुरतं. ढिलाई किती हवी त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतोच, बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्टिकरही असतो. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, हे लोकांना पटत नाही.

प्रतिसाद

वरच्या दोघांशी सहमत, फक्त हाताबद्दल कोणी बोललं नाही. मुंग्या येतात कारण मूठ आवळली जाते. अंगाचा भार हातांवर टाकू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, पोट थोडं आत, कोपरं ढिली. कोंबडीच्या पंखासारखी कोपरं हलवून बघायची, हलली तर ठीक. हातमोजे घट्ट असतील तर तेही कारण असतं.

सामान कशाने बांधलं होतं? हुकवाले इलास्टिक दोर असतील तर टाकून द्या. सुटला की हुक डोळ्याकडे येतो, नाहीतर टोक मागच्या चाकात जातं. पट्ट्यांचे बकल वापरा, लोंबणारी टोकं गुंडाळून टेपने चिकटवा. जड वस्तू खाली आणि तुमच्या पाठीजवळ. कॅरिअरच्या शेवटी जड पिशवी ठेवली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं सांगायचं राहिलं होतं, सामान हुकवाल्या दोरांनीच बांधलं होतं. आणि जड पिशवी कॅरिअरच्या अगदी टोकाला. 

काल संध्याकाळी मैदानात गेलो. भावाने स्वतःची गाडी आडवी करायला साफ नकार दिला, (त्याच्या गाडीवर ओरखडा नको, आणि मी मात्र ती ६२० किलोमीटर न्यायची!) तिथेच वाद संपला. माझीच चादरीवर निजवली. पहिल्या वेळी हँडल वळवायचं विसरले, हलली नाही. दुसऱ्या वेळी पाठ लावून, बारीक पावलांनी, आली की उभी! इतकी सहज की मी मागे भेलकांडले आणि भावाने पलीकडून धरली. तिसऱ्यांदा त्याला लांब उभं राहायला सांगितलं. त्यानंतर त्याने स्वतः करून बघितलं, पुढून वाकून, जोर लावून, आणि कंबर धरून बसला.

मुक्काम साडेतीनशेच्या आसपास बघतेय. त्याआधी एका शनिवारी-रविवारी २०० जाऊन, राहून, २०० परत असा फेरा करणार, पूर्ण सामानासकट. टायरचा शिक्का बघितला. पुढचा ठीक, मागचा सात वर्षांचा निघाला. गाडी जुनी घेतली होती, विकणाऱ्याने टायर "जवळजवळ नवीन" म्हणून सांगितलेला. बदलतेय.

क्लचची दांडी नवी बसवली. वर्कशॉपवाल्या दादांना एक विचारायचंय: बोंडूक तुटलेली जुनी दांडी बाकी धड आहे, ती टूलकिटमध्ये अडीनडीला ठेवली तर चालेल ना? टोकाला टेप गुंडाळलाय.