मदत हवी आहे: कपॅसिटिव्ह सेन्सरचा सिग्नल फारच बारीक येतोय

पीव्हीसी पाइपवर बाहेरून दोन फॉइलच्या पट्ट्या चिकटवून पाण्याची लेव्हल मोजायचा प्रयत्न चाललाय, एका पट्टीला 100 किलोहर्ट्झचा 5 व्होल्ट पीक-टू-पीक साइन देतोय, दुसरी दीड मीटर कोअ‍ॅक्सने (बाहेरून शील्डची जाळी असलेली केबल) टीएल072 या ऑप-अ‍ॅम्प चिपच्या फॉलोअरला (सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारा बफर) जोडलीय, पण आउटपुट जेमतेम 300 मिलिव्होल्ट. पट्ट्या थेट बोर्डाजवळ आणल्या की मस्त वाढतो, म्हणजे कोअ‍ॅक्सच खातेय ना? सेन्सर साधारण 10 पिकोफॅरड आणि केबल मीटरला 100 च्या आसपास, मग सिग्नल दोघांत वाटला जाऊन डिव्हायडर होणारच. स्कोपचा प्रोब 10एक्सवरच आहे (म्हणजे त्याचा भार कमी), ते विचारू नका 😅

आता शील्डला फॉलोअरच्या आउटपुटनेच ड्राइव्ह करू की सरळ चार्ज अ‍ॅम्प (इनपुटवरच्या चार्जचं व्होल्टेज करणारं सर्किट) लावू? चार्ज अ‍ॅम्पमध्ये केबलमुळे नॉइज गेन (अ‍ॅम्प स्वतःचा नॉइज किती पट करतो ते) वाढतो, टीएल072 ची 3 मेगाहर्ट्झ बँडविड्थ पुरेल का? कोणी केलंय का असं?