घरचा पीसी अडला की तुम्ही आधी काय बघता? (अनुभव धागा)

पावसाळा लागला की 'पीसी चालू होईना' सुरू होतं. 'फॉरमॅट मारा' एवढंच नको. एरर काय, केलं काय आणि झालं का, हे लिहा.

खानापूर
इथल्या दमट हवेत पहिला संशय रॅमवर. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, वर बीप. मेन वायर काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग रॅम काढा. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या घासा, भुगा कोरड्या ब्रशनं झाडा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. पॉलिश पेपर तर नकोच, मुलामा जातो. बसवताना 'कट्' आवाज यायला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

निपाणी
विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर कोड वाचा की! २८ म्हणजे ड्रायव्हरच (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नाही, १० म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाही. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं जा. 'व्हेन'पुढे (बनवणाऱ्या कंपनीचा कोड) १०ईसी असेल तर रियलटेक, ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. मग मदरबोर्डाचं मॉडेल बघून कंपनीच्या साइटवरचाच ड्रायव्हर घ्या. फुकटचे 'ड्रायव्हर अपडेटर' घालू नका, एकाबरोबर चार नको ती सॉफ्टवेअरं येतात. लॅन आणि वायफाय दोन्हींचे ड्रायव्हर नसतील तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, बहुतेक वेळा नेट लगेच येतं.

शहापूर, बेळगाव
इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज घालताना एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, दिसतच नाही. ती मेलेली नसते, व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या पीसीवर उतरवून एक्स्ट्रॅक्ट करा. पेनड्राइव्हमध्ये नुसती ईएक्सई टाकून उपयोग नाही, आयएनएफ फाइल लागते. मग विंडोज घालतानाच्या स्क्रीनवर 'लोड ड्रायव्हर' दाबा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) व्हीएमडी बंद करूनही चालतं, पण विंडोज आधीच घातलेलं असेल तर निळा स्क्रीन येतो.

चिक्कोडी
रोज तारीख मागे जाते आणि ब्राउझर सर्टिफिकेट एरर देतो? मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, प्लसची बाजू वर. नंतर बायोसमध्ये साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) आणि बूटचा क्रम बघा, तेही मूळपदावर गेलेले असतात.

टिळकवाडी
कॅबिनेटला मुंग्या आल्यासारखा करंट लागतो, तो बहुतेक वेळा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) खराब म्हणून नव्हे. आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून थोडी वीज पत्र्यावर सोडतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगतो. सॉकेटमध्ये फेज-अर्थ २३०च्या आसपास पाहिजे, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. हे वायरमनकडूनच मोजून घ्या. वळिवात विजा होत असतील तर गच्चीवरून आलेली लॅनची वायरही काढा, नुसता प्लग काढून भागत नाही.

खानापूर
राहिलं एक. पासवर्ड बरोबर असून घेत नाही? कीबोर्ड कन्नडवर किंवा मराठीवर राहिलेला असतो. लॉगिनलाच विंडोज आणि स्पेस दाबा.