पॉडकास्ट संपादनाचा दर कशावर ठरवावा?

प्रश्न (फोंडा):
गेली २ वर्षे मी घरूनच मराठी आणि कोंकणी पॉडकास्टचे संपादन करते. तयार भागाच्या मिनिटांवर मी दर लावते. परंतु परवा ४० मिनिटांची एक मुलाखत पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाच्या आवाजासकट आली आणि तिच्यावर माझे ३ दिवस गेले. माझी पद्धतच चुकते आहे का?

उत्तर (म्हापसा):
ताई, दर कच्च्या ध्वनिमुद्रणावर लावा, कारण ९० मिनिटांच्या गप्पांतून ३० मिनिटे निवडायची, तरी ऐकावी लागतात ती सगळी ९०च. दुरुस्तीच्या किती फेऱ्या कराल, हेही आधी लिहून ठेवा. पंख्याची एकसारखी घरघर बऱ्यापैकी काढता येते, मात्र पाऊस सतत बदलतो आणि बोलण्याच्याच वारंवारतेच्या पट्ट्यात मिसळलेला असतो; तो फार पुसायला गेले, तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटू लागतो. म्हणून असे काम स्वीकारण्यापूर्वी २ मिनिटांचा नमुना जरूर मागवा.

उत्तर (डिचोली):
सहमत आहे. प्रत्येक वक्त्याचा ट्रॅक वेगळा मागा आणि अंतिम फाइल ॲपलच्या शिफारशीप्रमाणे उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजायचे एकक) आसपास ठेवा. कोंकणी भाग कापताना शब्दाच्या शेवटी येणारा अनुनासिक स्वर तुटू देऊ नका. श्वासाचे आवाज कापून टाकण्याच्या घाईत तोच आधी जातो आणि अर्थ बदलतो. मी प्रत्येक काप हेडफोनवर पुन्हा ऐकतो. आपली भाषा जाणणारा संपादक म्हणून त्या काळजीचे पैसे निःसंकोच मागा.