जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्राचा वरचा भाग दुमडलेला दिसतो

प्रश्न:
आमच्याकडे २१ इंची पिक्चर ट्यूबचा रंगीत टीव्ही आहे. वडिलांच्या व्हीएचएस कॅसेटी पाहण्यासाठी तो आम्ही मुद्दाम राखला आहे. दोन आठवड्यांपासून संच सुरू केला की वरच्या दोनेक इंचांत चित्र स्वतःवरच दुमडते. उभ्या माणसाचे कपाळ उलटे होऊन पुन्हा उमटते आणि त्यावर बारीक पांढऱ्या आडव्या रेषा येतात. वीस-पंचवीस मिनिटांनी संच तापला की दोष बराच कमी होतो. एका दुरुस्तीवाल्यांनी ट्यूब गेल्याचे सांगून संच भंगारात द्यायला सांगितले. ट्यूब खरोखरच गेली असेल का?

उत्तर १:
आधी दोष कॅसेटचा की संचाचा, हे ठरवा. जुन्या टेपचा ताण बिघडला की चित्राचा वरचा भाग बाजूला वाकतो, पण दुमडत नाही. व्हीसीआर बंद ठेवून चॅनेल बदला आणि वरच्या कोपऱ्यात येणारा आकडा पाहा.

प्रश्नकर्ता:
आकडाही दुमडलेलाच दिसतो.

उत्तर २:
मग दोष संचातच आहे, आणि ट्यूब मात्र निर्दोष आहे. ट्यूब थकली की चित्र अंधूक होते, रंग फिके पडतात. त्याचा आकार असा बिघडत नाही.

आपल्याकडील ६२५ रेषांच्या पद्धतीत इलेक्ट्रॉनचा झोत दर २० मिलिसेकंदांनी खालून पुन्हा वर न्यावा लागतो आणि त्यासाठी जेमतेम दीड मिलिसेकंद मिळतो. तेवढ्या घाईसाठी व्हर्टिकल आयसीला (झोत वर-खाली हलवणाऱ्या चिपला) नेहमीच्या साधारण २४ व्होल्टऐवजी क्षणभर जवळपास दुप्पट दाब लागतो, आणि तो आयसीशेजारचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) पुरवतो. आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, म्हणजे हीटसिंकच्या, उष्णतेने तो वर्षानुवर्षे सुकत जातो. मग झोत वर पोहोचण्यापूर्वीच पुढचे चित्र सुरू होते आणि त्याच्या पहिल्या रेषा एकमेकींवर पडतात. सुकलेला कपॅसिटर तापला की थोडे बरे काम करतो, म्हणून तुमचा दोष नंतर कमी होतो. माझ्या दृष्टीने हीच सर्वांत बोलकी खूण आहे.

तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा), व्होल्टेज तितकेच किंवा जास्त असलेला आणि १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारा कपॅसिटर घ्या, बसवताना धन-ऋण टोके नीट पाहा. आयसीच्या पायांशी सोल्डरच्या डागाभोवती बारीक गोल चीर दिसली, तर तिथेही नव्याने डाग द्या.

उत्तर ३:
एक कळकळीची विनंती आहे. सवय नसेल तर मागचे झाकण स्वतः उघडू नका. ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये टिकून राहू शकतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवरही तीनशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात. जुने संच हाताळलेल्या कारागिराला बोलवा आणि वरचे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

प्रश्नकर्ता:
काल एका वयस्कर कारागिरांना बोलावले होते. काढलेला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा होता, मीटरवर तो जेमतेम ९ भरला. त्याचे प्लास्टिकचे वेष्टण तडकून आकसले होते. नवा बसवल्यावर आज सकाळी थंड संचावरही चित्र पहिल्यापासून सरळ आले. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.