अनुभव धागा: संस्था, चळवळ आणि हातातला मोबाइल (बडोदा)

सूरसागर: ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर बडोद्यातली बरीच मंडळी कुठल्या ना कुठल्या मदतगटात अडकली आहेत. गणपतीची वर्गणी असो, वाचनालय असो की विश्वामित्री नदी वाचवायची खटपट, सगळं मोबाइलवर आलं. काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा. अॅपांची नुसती यादी नको, ती कुठेही मिळते.

समाकर: पुराचंच सांगतो. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी गेलं ३५च्याही वर. ग्रुपवर 'तातडीची मदत हवी' असे निरोप धडाधड येत होते, त्यातले कितीतरी शिळे. माणसं केव्हाच बाहेर काढलेली, निरोप मात्र फिरतोच आहे. फोन लावावा तर बंद, कारण लाईट गेलेली. शेवटी पुण्यात बसलेल्या माझ्या भाचीनं गूगल शीट उघडलं: पत्ता, मजला, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं आहे का, इन्सुलिन लागतं का, शेवटचं बोलणं किती वाजता झालं. तिच्याकडे वीज होती, हे महत्त्वाचं! दुपारी कुणीतरी नुसता नावांचा रकाना अकारविल्हे लावला आणि नाव एकाचं, पत्ता दुसऱ्याचा अशी गत झाली. शीटची जुनी आवृत्ती परत आणता येते म्हणून निभावलं. मग शीटमध्ये लिहायचा हक्क दोनच जणींकडे ठेवला, बाकीच्यांनी फॉर्म भरायचा. माझ्या मते सगळ्यात कामाला आला तो 'शेवटचं बोलणं' हाच रकाना. होडी आधी कुठे धाडायची ते त्यावरून ठरायचं.

हिशेबनीसकाका: दांडिया बाजारातल्या एका छोट्या ट्रस्टचे हिशेब बघतो. क्यूआर लावल्यावर शंभर-दोनशे देणारेही पुढे आले, हे खरं. पण यूपीआयबरोबर पॅन येत नाही. देणगीदाराला आयकरात ८०जीची सवलत मिळायची तर २०२१-२२ या वर्षापासून संस्थेनं १०बीडी, म्हणजे देणगीदारांच्या तपशिलाचा आयकर फॉर्म, भरायचा, ३१ मेपर्यंत, नाव-पत्ता आणि पॅन किंवा आधारसकट. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. एप्रिलभर मी 'आपणच का ते पाचशेवाले?' असे फोन करत असतो. आता क्यूआरखालीच फॉर्मची लिंक छापली आहे. तरुण मुलं भरतात. आमच्या वयाचे हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे.

मगरवाली: विश्वामित्रीतली मगर वस्तीत दिसली की लोक आधी व्हिडिओ टाकतात. बघे जमतात आणि पकडणाऱ्यांना वाट मिळत नाही. आम्ही स्वयंसेवक एवढंच मागतो: एक फोटो, लोकेशन, आणि ती कुठे वळली. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वनखात्याला कळवल्याशिवाय हात लावायचा नाही. लोकेशनचा ठिपका सोसायटीच्या गेटवर पडतो नि मगर असते मागच्या नाल्यात, म्हणून जवळची खूण विचारतोच.

रावपुरेकर: घरकाम करणाऱ्या बायकांच्या आमच्या गटात पीडीएफ कुणी उघडत नाही. मिनिटभराचा गुजराती आवाजी निरोप, तोही गटातल्याच मावशींचा, लगेच ऐकतात.

सूरसागर: काका, फॉर्ममध्ये पॅन सक्तीचा ठेवलात का? आमच्याकडे सक्ती केल्यावर छोट्या देणग्या आटल्या.

हिशेबनीसकाका: नाही. नाव-पत्ता सक्तीचा, नाहीतर देणगी निनावी धरतात. पॅन ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सवलत हवी असेल तो बरोबर देतो.